घरत मॅडम आणि अर्धी शील्ड

घरत मॅडमना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवलीही नाही. आमचा मुलींचा संघ त्यांनी विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या फायनलपर्यंत नेला, तेव्हाही गोलकीपरला त्या ‘खांबातली पोरगी’ म्हणायच्या, कॉर्नरला ‘कोपरा’ आणि पेनल्टीला ‘शिक्षा’. मैदानाबाहेरून त्यांचं मार्गदर्शन एवढंच: “पल गो पल!” आता पळायचं ते बॉलच्या मागे की बॉलपासून लांब, हे जिचं तिने ठरवायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कल्याणच्या आमच्या कॉलेजात मॅडम मुलींच्या खेळाच्या शिक्षिका होत्या. उंची बेताची, आवाज बेताबाहेरचा. सुती सहावारी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. हे बूट त्या दर सोमवारी वर्गातल्या खडूने पांढरे करायच्या, त्यामुळे चालताना मागे बारीक पीठ सांडत जायचं. मॅडम कुठल्या मजल्यावर आहेत हे शिपायाला विचारावं लागत नसे. जिन्याच्या पायऱ्या बघितल्या की कळायचं. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजलेली मी तीन वर्षांत ऐकली नाही. “शिट्टी पोलिसाला,” त्या म्हणायच्या, “मना देवानी तोंड दिलंय.”

त्या डोंबिवलीच्या खाडीकडच्या एका आगरी गावातल्या. त्यांच्याकडे दोन मराठ्या होत्या. एक आमच्याशी बोलायची, आणि दुसरी प्राचार्यांसमोर नेसायची. प्राचार्य मूळचे पुण्याचे, ‘आपण बसावं’ वगैरे बोलणारे. त्यांच्या केबिनच्या दाराशी मॅडम एक क्षण थांबायच्या, घसा खाकरायच्या, आणि आत गेल्यावर “सर, मी आपणांस भेटावयास आले आहे” असं काहीतरी छापील बोलायच्या. बाहेर आल्या की भिंतीला टेकून म्हणायच्या, “आयला, जीभ दुखली.”

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या मुली एका रांगेत उकिडव्या बसतात, आणि मागून पाठीवर थाप पडून ‘खो’ मिळाला की उठून पळतात. आयुष्यभर मुलींच्या पाठीच बघितलेल्या या बाईला आमचे चेहरे दुय्यम वाटायचे. कँटीनच्या रांगेत मागून हाक यायची, “ए, वाकरी पाठ! उद्या सकाली लवकर ये.” ती वाकडी पाठ माझी. चेहऱ्यावरून त्या मला दोनदा लायब्ररीतली बाई समजल्या होत्या. पुढे आडनाव पाठ झालं तेव्हा ‘केलकर’ झालं, आणि मी केळकर असल्याचं त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

डोंबिवलीतल्या वरणभाताच्या घरातून मी खो-खोत कशी पोचले, तर बारावा गडी म्हणून. खो-खोचा संघ बारा जणींचा. नऊ खेळतात, तीन बसून राहतात. त्या तिघींतही मी तिसरी. पण मॅडमच्या शेजारी बसून राहण्याची जागा तीच होती, आणि खरं सांगते, सगळ्यात चांगली जागा तीच होती.

खो-खोत त्यांचा एकच कायदा होता. हात लागला की उठायचं, म्हणजे बाद होऊन बाहेर यायचं. पंचाने बघितलं असो वा नसो, शिट्टी वाजो वा न वाजो, तुम्हाला पकडणारीचा हात लागला हे तुम्हाला कळलं ना? मग आपणच हात वर करायचा आणि चालू लागायचं. त्यांच्या गावच्या मैदानावर पंच नसायचाच, त्यामुळे ही पद्धत पडलेली. एकदा सरावात एक मुलगी हात लागूनही पळत राहिली. मॅडम तिला ओरडल्या नाहीत. त्यांनी बाकीच्या आम्हा सगळ्यांना उठवलं आणि घरी पाठवलं. ती एकटीच मैदानावर पळत राहिली, आणि मॅडम बांधावर बसून तिच्याकडे बघत शांतपणे शेंगा खात राहिल्या.

त्या वर्षी मॅडमचं सगळं पणाला लागलं होतं. आठ वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. दर जूनला नवं पत्र यायचं, दर एप्रिलला संपायचं. आता ती जागा कायम होणार होती, जाहिरात निघणार होती, आणि मुलाखतीला बाहेरचे लोक येणार होते. प्राचार्य सरळ माणूस होते. त्यांनी बोलावून सांगितलं, “घरतबाई, समिती कागद बघते आणि कपाट बघते. कागद तुमच्याकडे बेताचे आहेत. कपाटात मुलींची एक तरी शील्ड हवी.” कपाट म्हणजे त्यांच्या केबिनमधलं काचेचं. त्यात मुलांच्या क्रिकेटचे चार कप होते आणि मुलींच्या नावाने एक फुलदाणी.

“शील्ड काय, घेतली समजा,” मॅडम आम्हाला म्हणाल्या. ते खरंही होतं. हेमा भोईर आमची कॅप्टन होती, वाऱ्यासारखी पळायची, आणि खो-खोत आम्हाला त्या वर्षी विभागात तोड नव्हती.

मग ती तांदळाची भानगड झाली. मॅडमच्या घरी महत्त्वाचा कागद तांदळाच्या पिंपात ठेवायची रीत होती. तिथे वाळवी लागत नाही, पोरं हात घालत नाहीत आणि घरच्या बाईशिवाय कोणी उघडत नाही. सातबारा तिथे, लग्नाचे दागिनेही तिथे. खो-खोचा प्रवेशअर्ज भरून, सही-शिक्का मारून त्यांनी तो चांगला खोल पिंपात ठेवला. नेमका त्या साली तांदूळ उदंड झाला. नवा तांदूळ वर ओतला, अर्ज गेला तळाला, आणि मॅडमच्या मनातूनही गेला. सातबारा काढायला पिंप उपसलं तेव्हा खो-खोची तारीख उलटून बारा दिवस झाले होते.

त्या दिवशी मॅडम कॉलेजात आल्या त्या न बोलता. पहिल्यांदाच. आम्ही बाराजणी जिमखान्याच्या पायरीवर बसलेल्या. त्यांनी अर्ज आमच्यासमोर धरला, त्यातून तांदळाचे दोन दाणे पडले. “चूक माजी,” त्या म्हणाल्या. “तुमचं साल गेलं.” स्वतःच्या जागेबद्दल एक शब्द नाही. हेमाला रडू फुटलं, आणि तिच्यामागे आम्हा सगळ्यांनाच.

मॅडमनी पदर पुन्हा कमरेला खोचला. मग नोटीस बोर्डाकडे गेल्या, विद्यापीठाचं परिपत्रक टाचणीसकट उपटून आणलं आणि माझ्या पुढ्यात टाकलं. “केलकर, वाच. पोरींच्या कंच्या खेलाची तारीख बाकी हाय?”

मी वाचलं. एकच होता. फुटबॉल.

“किती पोरी लागतात?”

“अकरा.”

“आपल्या बारा हायत. एक जास्तच.” त्यांचा चेहरा उजळला. “आनि कालेजं किती उतरलीत?”

“आपण धरून चार.”

“म्हंजे दोन म्याच जिंकल्या का शील्ड!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की वर केमिस्ट्रीच्या लॅबमधून दोन डोकी बाहेर आली. “बायांनो, रडताय काय? खो-खोत पाच म्याच मारायला लागतात!”

मैदान मुलांच्या क्रिकेटकडे होतं, म्हणून आमचा सराव मॅडमच्या भावाच्या शेतात. भात कापून झालेलं, धसकटं उभी. त्या धसकटांनी घोटे असे सोलून निघायचे की आम्ही आपोआप पाय उचलून पळायला शिकलो. गोलचे खांब बांबूचे. जाळी शेजारच्या कोळ्याकडची, मासे धरायची, जुनी. तिला असा काही वास होता की गावातली मांजरं आमच्या गोलमध्ये येऊन बसायची, आणि पुष्पा, आमची गोलकीपर, बॉलपेक्षा जास्त वेळा मांजरं अडवायची. पुष्पाचे हातमोजे ही मॅडमच्या यजमानांची देणगी. ते वागळे इस्टेटमध्ये वेल्डर होते. कोपरापर्यंत येणारे, जाड चामड्याचे, ठिणग्यांनी भोकं पडलेले वेल्डिंगचे मोजे घालून पुष्पा उभी राहिली की ती आता गोल अडवणार की गेट जोडणार, असा प्रश्न पडायचा.

नियमांचं इंग्रजी पुस्तक मी वाचून मराठीत सांगायची. दुपारी बांधावर भाकरी सोडली जायची. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची, म्हणजे चिमुकल्या कोळंबीची, चटणी. पहिल्या दिवशी मी लांब बसले, तिसऱ्या दिवशी जवळ सरकले, आठव्या दिवशी माझ्याच डब्यातली पोळी कुत्र्याला गेली. हे घरी आजतागायत माहीत नाही. तर भाकरी खाता खाता मॅडम नियम ऐकायच्या आणि पसंत-नापसंत सांगायच्या. ऑफसाइड मी तीनदा समजावला. त्या विचार करून म्हणाल्या, “म्हंजे समोरच्यांच्या घरात त्यांच्या मानसांच्या आधी जाऊन उभं रायचं नाय. बरोबर हाय. बोलावल्याबिगर कोनाकरं जाऊ नये.” यापेक्षा बरा ऑफसाइड मला पुढे कोणी समजावला नाही.

स्पर्धा डिसेंबरात, ठाण्याच्या एका कॉलेजच्या मैदानावर, एकाच दिवसात. सकाळी दोन सेमीफायनल, दुपारी फायनल. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालो, खोपटच्या डेपोत उतरलो, तिथल्या नळावर तोंडं धुतली आणि मैदानावर पोचलो तर ठाण्याच्या मुली आधीच सराव करत होत्या. त्यांच्या पायात खिळ्यांचे खरे फुटबॉलचे बूट. आमच्या पायात शाळेतल्या पी.टी.चे. हेमा कुजबुजली, “मॅडम, ह्यांना येतंय.”

“येऊ दे,” मॅडम म्हणाल्या. “आपल्याला नाय येत हे त्यांना कुटं म्हाईताय?”

सेमीफायनलमध्ये पहिल्या पाच मिनिटांतच ते सगळ्यांना माहीत झालं. आमच्या मुली पास देताना सवयीने ‘खो!’ ओरडायच्या. समोरची मुलगी दचकून थांबायची, आणि आमचीही ओशाळून थांबायची. पुष्पा दोन खांबांच्या मधे उकिडवी बसली, रांगेत बसतात तशी. रेफरी परेरा सर, जाडजूड आणि मिश्किल गृहस्थ, खेळ थांबवून विचारायला आले, “तिच्या पोटात दुखते काय?” आणि हेमाचं तर विचारूच नका. खो-खोत एकदा एक दिशा धरली की शेवटच्या खांबाला हात लावल्याशिवाय मागे वळता येत नाही. हेमाच्या अंगात तो नियम मुरलेला. बॉल मिळाला की ती जी सुटायची ती सरळ रेषेत, समोरच्या सगळ्यांना मागे टाकून, गोलच्या बाजूने निघून, मैदान संपेपर्यंत. बॉल बाहेर जायचा, हेमा कोपऱ्यातल्या झेंड्याला हात लावायची आणि समाधानाने परत फिरायची. असं चार वेळा झालं. लोक पोट धरधरून हसत होते. माझ्या मानेपर्यंत लाज चढली होती.

मध्यंतरात मुली माना खाली घालून आल्या. मी नियमांचं पुस्तक उघडायला लागले. मॅडमनी ते माझ्या हातातून घेऊन त्यावर बैठक मारली.

“हेमे, तुला खांबच शिवायचा ना?”

“सवय लागलीय मॅडम. पाय वलतच नाय.”

“मंग वलवू नको. झेंडा सोर.” त्यांनी गोलच्या उजव्या खांबाकडे बोट केलं. “तो खांब शिव. बॉल संगती घेऊन जा.”

बस, एवढंच. दुसऱ्या डावात हेमा सुटली ती थेट खांबाच्या रोखाने. पहिल्यांदा बॉल खांबाला आपटला आणि हेमाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बॉल खांबाच्या आतल्या अंगाने जाळीत गेला, हेमा खांबाला मिठी मारून उभी राहिली, आणि आमच्यापैकी कोणालाच कळेना की आता करायचं काय. गोल झाल्यावर नाचायचं असतं हे आम्ही सरावात घेतलंच नव्हतं. मॅडम मात्र पदर सोडून, हात पसरून, बांधावर फुगडी घालतात तशा स्वतःभोवती गरगर फिरत होत्या. एक शून्य. आम्ही फायनलला.

फायनल ठाण्याच्या त्या खिळ्यांच्या बुटांशी होती. तिला सुरुवात व्हायला उशीर झाला, कारण पाहुणे उशिरा आले आणि मग त्यांना नारळ उशिरा मिळाला. त्या मुली खरंच खेळाडू होत्या. त्यांनी आमच्या गोलवर असा भडिमार केला की पुष्पाचे मोजे पुन्हा तापले असावेत. पण बसल्या जागेवरून उसळी मारून उठणं हेच पुष्पाचं उभं आयुष्य होतं. कुठूनही बॉल आला की ही स्प्रिंगसारखी वर. शून्य-शून्य. ऊन उतरलं. मॅडम माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. “केलकर,” त्या मधेच हळू आवाजात म्हणाल्या, “एक गोल. देवा, एकच. मंग मी जल्माची तुजी.” मग जूनचं पत्र नाही, एप्रिलचा धसका नाही. ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही सगळे देव आठवून बसले होते.

शेवटची दहा मिनिटं उरली असतील. आम्हाला ‘कोपरा’ मिळाला. बॉल उंच आला, गोलसमोर दहा-बारा जणींची झुंबड उडाली, आणि त्या गर्दीतून बॉल घरंगळत रेषेच्या आत गेला. परेरा सरांची शिट्टी. गोल!

मॅडमनी मला उचललं. अक्षरशः उचललं. माझा चष्मा पडला. बाकावरची पाण्याची कळशी लवंडली. “शील्ड गो! शील्ड!” त्या ओरडत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

मी चष्मा शोधून घातला तेव्हा दिसलं, हेमा गर्दीतून बाहेर येते आहे. एक हात वर केलेला. कोणाशी न बोलता, मान खाली घालून ती मैदान ओलांडून चालत आली, रेषेच्या बाहेर पडली आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसली.

परेरा सर धावत मागे आले. “अगं, चाललीस कुठे?”

“बाद झाली सर,” हेमा म्हणाली. “हात लागला.”

“कोणाला?”

“माजा. बॉलला.”

सरांनी तोंडातली शिट्टी काढली. त्यांनी पाहिलं नव्हतं. कोणीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी गोल रद्द केला, आणि हसू दाबत म्हणाले, “बाळा, फुटबॉलमध्ये बाद होत नाही. परत ये आत.” सगळं मैदान हसलं. ठाण्याच्या मुलीही हसल्या.

मी मॅडमकडे बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही. आठ वर्षांची नोकरी या बाईच्या पदरात पडून अर्ध्या मिनिटात बाहेर सांडली होती. आणि मग मला टाळी ऐकू आली. एकच, मग दुसरी. मॅडम उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या, हात लाल होईपर्यंत. “शाब्बास हेमे,” त्या म्हणाल्या. आवाज चिरकला, पण म्हणाल्या. “जा. खेल आता.”

गोल पुन्हा झाला नाही. जादा वेळ दिला, त्यातही नाही. पेनल्टी मारायच्या तर बॉल दिसेना इतका अंधार पडला. आयोजकांनी आपापसात बोलून जाहीर केलं, संयुक्त विजेते. शील्ड सहा-सहा महिने दोन्ही कॉलेजांत राहील. आधी कोणाकडे, यासाठी नाणं उडवलं, आणि ते ठाण्याच्या बाजूने पडलं. मॅडमचा चेहरा मी त्या अंधारातही वाचला. मुलाखती जूनमध्ये होत्या. शील्ड आमच्या कपाटात येणार ती त्यांच्यानंतर.

ठाण्याची कॅप्टन शील्ड घ्यायला पुढे आली. तिने ती घेतली, हेमाकडे बघितलं आणि तिच्याच हातात दिली. “तुम्ही न्या आधी,” ती म्हणाली. “आम्हाला सहा महिन्यांनी द्या.” कोणी काही लिहून घेतलं नाही. परतीच्या एस.टी.त आम्ही इतक्या मोठ्याने गात होतो की ड्रायव्हरने दोनदा मागे वळून बघितलं. मॅडमनी शील्ड मांडीवर आडवी ठेवली होती आणि तिच्यावर भाकऱ्या मोडून वाटत होत्या.

दुसऱ्या दिवशी कपाटातली फुलदाणी निघाली. “संयुक्त?” प्राचार्यांनी चष्म्यावरून विचारलं. “अर्धी आहे सर,” मॅडम छापील मराठीत म्हणाल्या, “परंतु ठेवताना पूर्ण ठेवावी लागेल.”

ती जागा पुढे त्यांनाच मिळाली, आणि निवृत्तीपर्यंत त्या तिथे होत्या. जागा मिळाल्याचं हेमाने मला पत्राने कळवलं. तोवर माझं लग्न होऊन मी गाव सोडलं होतं. मी मॅडमना शेवटचं पाहिलं ते त्या मुलाखतीच्या दिवशी.

मी कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला गेले होते. केबिनबाहेरच्या बाकावर तीन पुरुष, तीन फायली, आणि टोकाला मॅडम. इरकली साडी, बूट ताजे पांढरे केलेले. नंबर शेवटचा. दुपारचे दोन वाजत आले होते आणि आत अजून दुसराच उमेदवार होता. मॅडम सारख्या घड्याळाकडे बघत होत्या.

“आज सा महिने भरले,” त्या मला म्हणाल्या. “ठान्याचं आपिस पाचला बंद होतंय.”

मला कळायला वेळ लागला. “मॅडम, उद्या द्या ना. एका दिवसाने काय होतं? ती आत त्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तीच तर दाखवायची आहे!”

“तारीख आज हाय.”

“कोण विचारणार आहे?”

त्या माझ्याकडे वळल्या. “केलकर, हेमी तवा उठून आली, कोनी विचारलं व्हतं? मी टाल्या वाजवल्या का नाय? मंग आता मीच बसून रऊ?”

आणि त्या उठल्या. दारावर टकटक केली, घसा खाकरला, आत गेल्या. दार उघडं राहिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. समिती प्रश्न विचारत होती, उमेदवार घाम पुसत होता, आणि मॅडमनी त्यांच्या पाठीमागून जाऊन कपाट उघडलं, शील्ड काढली आणि पदराने पुसली. “क्षमा असावी,” त्या म्हणाल्या. “हिची वेळ झाली आहे. मी हिला पोचवून येते.” बाहेरून आलेले एक सद्गृहस्थ खुर्चीत वळून म्हणाले, “या कोण?” प्राचार्यांनी नुसता चष्मा काढला.

“माजा नंबर धरून ठेव गो,” एवढं मला सांगून त्या जिना उतरल्या. शील्ड काखेत, ओचा खोचलेला, मागे खडूचं पीठ.

मी त्यांच्या जागेवर बसले. तिसरा गेला, चौथा गेला, पाचवाही गेला. पाच वाजता शिपायाने पुकारलं, “चांगुणा घरत!” मी उभी राहिले आणि म्हणाले, “ठाण्याला गेल्यात. येतील.” शिपाई आत गेला. मला वाटलं, आता खुर्च्या सरकतील, फायली बांधतील. तो बाहेर आला आणि म्हणाला, “साहेबांनी चहा सांगितलाय. थांबणार म्हणतात.”

साडेसहाला जिन्यावर पावलं वाजली. मॅडम वर आल्या त्या घामाने निथळत, केस सुटलेले, हात रिकामे. “हाय ना नंबर?” त्यांनी विचारलं. “आहे,” मी म्हटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि आत गेल्या. दाराशी थांबून घसा खाकरायला त्या पहिल्यांदाच विसरल्या.

आतून प्राचार्यांचा आवाज आला, “घरतबाई, अर्जात तुम्ही शील्ड लिहिली आहे. आमच्या कपाटात तर मुलींच्या नावाने काहीच नाही.”

“अर्धी व्हती सर, ती देऊन आले,” मॅडम म्हणाल्या. “पुढल्या साली आख्खी आनतंय.”